तिसऱ्या सेमिस्टरची स्पॅनिश

सहामाही परीक्षा जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. यंदा त्यात स्पॅनिशचीच पत्रं जास्त आली, म्हणून बाकीच्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबवून हा अंक त्यांना दिला आहे. मी पणजीत स्पॅनिश शिकवते, आधी पोर्तुगीजही शिकवायचे. माझी मतं वर्गात बसून झालेली आहेत, ती थोडी कडक वाटली तर चालवून घ्या.

प्रश्न : मी सत्तरी तालुक्यातली. बी. ए.ला मायनर म्हणून स्पॅनिश घेतली. पहिल्या वर्षी वर्गात मीच पुढे होते. आता तिसऱ्या सेमिस्टरला बी-वन सुरू झालंय आणि मॅडमनी काही विचारलं की तोंडातून पहिल्या वर्षाचीच वाक्यं निघतात. दोन-दोन भूतकाळ आहेत, कुठे कुठला वापरायचा तेच कळत नाही. पुस्तकातले तक्ते मला पाठ आहेत. तरी मी मागे चाललेय असं वाटतं. विषय बदलू का?
– एक विद्यार्थिनी, वाळपई

उत्तर : नको गो बाय, बदलू नकोस.

पहिल्या वर्षी तुला नाव, गाव, घरात कोण कोण असतं आणि काय आवडतं एवढंच सांगायचं होतं, तेही वर्तमानकाळात. ते पाठ करून भागतं, आणि पाठांतरात आपली मुलं कुणाला हार जात नाहीत. बी-वनला काम वेगळं आहे. कौन्सिल ऑफ युरोपने २००१ मध्ये ए-वनपासून सी-टूपर्यंत सहा पायऱ्यांची मोजपट्टी छापली. तिच्यात बी-वनवाल्याकडून अपेक्षा अशी की त्याने घडलेलं सांगावं, मनातले बेत सांगावेत, आणि स्वतःच्या मताला थोडक्यात का होईना, कारण द्यावं. म्हणजे एका वाक्यात काळ, लिंग, क्रियापदाचं रूप, जोडणारा शब्द हे सगळं एकदम ठरवावं लागतं. जीभ अडखळणारच. पहिल्या वर्षी तू अडखळत नव्हतीस, कारण तिथे ठरवायला काही नव्हतंच.

आता ते दोन भूतकाळ. तुमचं पुस्तक बहुतेक इंग्रजीतून समजावणारं असेल आणि घोळ तिथेच आहे. इंग्रजीतून पाहिलंस तर इंदेफिनिदो आणि इम्पेर्फेक्तो यांतला फरक नियम पाठ करून धरावा लागतो. मराठीत तो तुझ्या तोंडात लहानपणापासून आहे. ‘काल आम्ही मिरामारला गेलो’ हा इंदेफिनिदो : फुइमोस. ‘लहानपणी आम्ही मिरामारला जायचो’ हा इम्पेर्फेक्तो : इबामोस. ‘जायचो’ आणि ‘गेलो’ यांत तुझी कधी गल्लत होते का? मग इथेही होऊ नये. ‘जात होतो’सुद्धा इम्पेर्फेक्तोतच बसतं. आणि ‘आज सकाळी जेवलेय’ यातलं ते शेपूट स्पेनमधला माणूस ‘ए कोमिदो’ म्हणून वेगळं काढतो. मेक्सिकोचा माणूस तिथेही साधा इंदेफिनिदो वापरून मोकळा होतो.

यातला सगळ्यात अवघड समजला जाणारा भागही आपल्याला सोपा जातो. ‘साबेर’ या क्रियापदाचं इम्पेर्फेक्तो ‘साबिया’ म्हणजे माहीत होतं, आणि इंदेफिनिदो ‘सुपे’ म्हणजे कळलं. इंग्रजी माध्यमाची मुलं याला अपवाद म्हणून वहीत चौकटीत लिहितात. ‘कोनोसिया’ म्हणजे ओळखत होते, ‘कोनोसी’ म्हणजे ओळख झाली. ‘नो केरिया’ म्हणजे मनात नव्हतं, ‘नो किसे’ म्हणजे सरळ नाही म्हटलं. पुढच्या वेळी तक्ता उघडण्याआधी ते वाक्य घरी आईला कसं सांगशील ते मनात म्हण. निम्मी उत्तरं तिथेच मिळतील.

सगळी मात्र मिळणार नाहीत. सेर आणि एस्तार यांच्यात मराठीचा उपयोग नाही, आपलं ‘आहे’ दोघांचं काम एकटं करतं. ‘कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार’ हा नियम वर्गात ऐकला असशील. तो पुसून टाक. गोवा भारतात आहे, हे काही तात्पुरतं नाही, तरी तिथे एस्तार. माणूस मेला आहे, यालाही एस्तार. आणि तरुण आहे, याला सेर. त्यापेक्षा असं बघ : वस्तू किंवा माणूस कुठे आहे, कुठल्या अवस्थेत आहे, तर एस्तार. काय आहे, कोण आहे, कसल्या जातीचं आहे, तर सेर. आणि समारंभ कुठे आहे हे सांगायचं तर पुन्हा सेर. ‘हॉल म्हापशाला आहे’ यात एस्तार, ‘लग्न म्हापशाला आहे’ यात सेर. हे एक उदाहरण डोक्यात ठेवलंस तरी परीक्षेत दोन मार्क वाचतील.

लिंगाचंही तेच. मराठी नदी बायकी, म्हणून तू ‘ला रिओ’ म्हणत असशील. स्पॅनिशमध्ये नद्या पुरुष. आपली मांडवीसुद्धा तिथे ‘एल मांडोवी’ होते. मला ते अजून खटकतं, पण व्याकरण तसंच आहे.

आता बोलण्याचं. वाळपईहून पणजीची बस म्हणजे जाता-येता चांगला वेळ हातात असतो. त्या वेळात मोबाइलवर शब्दांचे खेळ खेळू नकोस. एकच विषय घे आणि तो शब्दकोशाशिवाय ओठांतल्या ओठांत सांग. मी माझ्या मुलांना दरवर्षी माटोळी देते. चतुर्थीला गणपतीवर जी बांधतात ती. स्पॅनिशमध्ये तिला शब्द नाही, म्हणून पळवाट नाही. गेल्या चतुर्थीनंतर एका मुलाने सुरुवात केली : ‘एस उना एस्त्रुक्तुरा दे मादेरा के से कुएल्गा एन्सिमा दे गानेश.’ गणपतीच्या वर टांगतात ती लाकडी चौकट. एवढ्या एका वाक्यात तुमच्या सेमिस्टरचा अर्धा अभ्यासक्रम आला, ‘के’ने जोडलेलं वाक्य आणि ‘टांगतात’मधला तो कर्ता नसलेला ‘से’. मग नारळ, सुपारीचे घोस, केळी येईपर्यंत ठीक चाललं. माट्टीच्या फळांवर आला आणि थांबला. नाव कुठून आणणार? थोडा वेळ घेऊन म्हणाला, ‘रानात मिळणारं फळ, जे आम्ही खात नाही, फक्त देवाला बांधतो.’ वर्ग हसला. मी त्याला पैकीच्या पैकी दिले. शब्द नसताना वळसा घालून पलीकडे पोचणं हेच बी-वन आहे.

त्यावर मी विचारलं, कोण बांधतं? ‘मि आबुएला ला कोल्गाबा’, आजी बांधायची. ‘एल आन्यो पासादो ला कोल्गे यो’, गेल्या वर्षी मी बांधली. दोन्ही भूतकाळ बरोबर आले. त्याला कळलंही नाही.

तुझ्या घरी माटोळी असेल तर तीच घे, नसेल तर दुसरं काहीही घे : पाडेली नारळ कसा काढतो, शिगम्याला गावात काय होतं. ‘माझं आवडतं हॉटेल’ तेवढं घेऊ नकोस, ते पहिल्या वर्षाचं झालं.

प्रश्न : माझं डिचोलीत दुकान आहे. मुलगी बारावी कॉमर्स झाली, पदवीला स्पॅनिश घेते म्हणते. पोर्तुगीज म्हटलं असतं तर गोव्यात समजण्यासारखं आहे. स्पॅनिश शिकून इथे काय करणार? तिला कसं समजावू?
– एक वडील, डिचोली

उत्तर : समजवायचं नक्की कुणाला, तिला की तुम्हाला, ते पुढचं वाचून ठरवा.

पोर्तुगीजबद्दल तुमचं बरोबर आहे. १९६१च्या आधीचे जमिनीचे कागद, चर्चमधल्या आणि रजिस्ट्रीतल्या जुन्या नोंदी, पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनला जन्म नोंदवण्याची खटपट या सगळ्याला ती लागते. आपल्याकडे अजून लागू असलेल्या दिवाणी कायद्याचं मूळही १८६७च्या पोर्तुगीज संहितेत आहे. वकिलाच्या आणि नोटरीच्या कामात जायचं असेल तर पोर्तुगीजच शिकावी. स्पॅनिशला गोव्यात असा भूतकाळ नाही. तिचं गिऱ्हाईक बाहेर आहे.

ते गिऱ्हाईक केवढं आहे हे व्यापारी माणसाला आकड्यात सांगते. वीस देशांची ती राजभाषा, जन्मापासून बोलणारे पन्नास कोटींच्या आसपास, संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांपैकी एक. आता वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचे कारखाने आहेत हे तुम्हाला ठाऊक असेलच. मेक्सिको, कोलंबिया, पेरू अशा देशांत औषध विकायचं तर लेबल आणि नोंदणीचे कागद स्पॅनिशमध्ये द्यावे लागतात. ते काम नुसत्या भाषेच्या पदवीवर मिळत नाही आणि नुसत्या बी. कॉम.वरही मिळत नाही. निर्यातीचा कागद वाचता येणारी आणि स्पॅनिश येणारी मुलगी हवी असते. पुणे, बंगळुरू, हैदराबादच्या कंपन्यांतही हिशेब आणि ग्राहकसेवेसाठी स्पॅनिशवाले घेतात, पण तिथे बी-टूच्या खाली फारसं कुणी विचारत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं : कॉमर्स सोडू देऊ नका, स्पॅनिश अडवू नका. दोन्ही एकत्र घेता येत असतील तर तसंच घेऊ द्या. एम. ए. करायची हौस निघाली तर दिल्लीचं जेएनयू आहे, हैदराबादचं इफ्लू, म्हणजे इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ आहे. आणि पर्यटनाच्या भरवशावर शिकत असेल तर तेवढं तिला जरूर सांगा. कळंगुटच्या किनाऱ्यावर रशियन जितकं कानावर पडतं, तितकी स्पॅनिश पडत नाही.

एक सूचना, विचारलेली नाही तरी देते. ती घरी स्पॅनिशमध्ये बडबडायला लागली तर ‘आता आम्हाला मराठीतून सांग’ म्हणून तिची चेष्टा करू नका. शिकण्याच्या मधल्या टप्प्यावर मुलं लाजून गप्प झाली की पुन्हा बोलती करायला फार वेळ लागतो.

प्रश्न : शाळेत तिसरी भाषा पोर्तुगीज होती, चांगले मार्क असायचे. आता युनिव्हर्सिटीत स्पॅनिश इंटरमिजिएट करतोय. वाचलेलं सगळं समजतं. बोलायला लागलो की खिचडी होते. सर म्हणतात, तू पोर्तुगीजच बोलतोयस.
– मडगावचा विद्यार्थी

उत्तर : तुझे सर खरं बोलतायत. तुला वाचता येतं म्हणून तू शिकायचं टाळतोयस, एवढीच भर मी घालते.

पोर्तुगीज येणाऱ्यांना पहिल्या वर्षी फुकटात बरंच मिळतं आणि त्याची वसुली दुसऱ्या वर्षी होते. सोप्या सापळ्यांची यादी कुठेही मिळेल : पोर्तुगीजमध्ये ‘रातु’ म्हणजे उंदीर, स्पॅनिश ‘रातो’ म्हणजे थोडा वेळ. मडगावला ‘ओफिसिना’ म्हटलं की जुन्या माणसांना गॅरेज आठवतं, माद्रिदला ते ऑफिस. हॉटेलात ‘पोल्वो’ मागितलंस तर तू धूळ मागितलीस, ऑक्टोपस हवा असेल तर ‘पुल्पो’ म्हण. हे एकदा फजिती झाली की आपोआप लक्षात राहतं, त्याची मला काळजी नाही.

काळजी आहे ती लिंगांची, कारण तिथे फजिती होत नाही, नुसती चूक होते आणि मुरते. दूध, मीठ, नाक, रक्त हे चारही पोर्तुगीजमध्ये पुल्लिंगी आणि स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी : ला लेचे, ला साल, ला नारिस, ला सांग्रे. प्रवास आणि झाड यांचं बरोबर उलटं. पोर्तुगीजमध्ये स्त्रीलिंगी, स्पॅनिशमध्ये एल विआखे, एल आर्बोल. अशा शब्दांची वेगळी वही कर आणि एकटा शब्द कधीच लिहू नकोस, विशेषणासकट लिही. ‘ला लेचे फ्रिआ’, थंड दूध. विशेषण बरोबर बसलं की लिंग चुकत नाही.

दुसरं, स्वर. पोर्तुगीज बोलताना आपण शेवटचा स्वर गिळतो आणि शेवटच्या ‘स’चा ‘श’ करतो. स्पॅनिशमध्ये पाचच स्वर, पाचही स्वच्छ, शेवटपर्यंत. मराठीत ‘आ ए इ ओ उ’ जसे म्हणतोस तसे. रोज दहा ओळी मोठ्याने वाच, मुद्दाम मराठी माणसासारख्या. सर लगेच म्हणतील सुधारलास.

आणि तू मडगावचा आहेस म्हणून. एफसी गोवाला सर्जिओ लोबेरापासून हुआन फेरांदो, कार्लोस पेन्या, मानोलो मार्केसपर्यंत किती प्रशिक्षक स्पेनचे झाले. त्यांच्या स्पॅनिशमधल्या मुलाखती इंटरनेटवर आहेत. विषय फुटबॉल, त्यामुळे निम्मं तुला आधीच ठाऊक. रेडिओवरचं सामन्याचं धावतं वर्णन मात्र इतक्यात ऐकू नकोस. तो वेग बी-टूलाही झेपत नाही.

प्रश्न : सुबखुंतीवो कधी संपतो?
– फोंड्याहून, नाव छापू नये

उत्तर : संपत नाही. सुबखुंतीवो म्हणजे न घडलेल्या, मनातल्या गोष्टींसाठीचं क्रियापदाचं रूप. पण तू तो रोज वापरतोस. फोंड्याला कुणी मदत केली तर काय म्हणतोस? ‘देव बरें करूं.’ स्पॅनिशमध्ये खेड्यातला म्हातारा माणूस आभार मानताना म्हणतो, ‘दिओस से लो पागे’, देव तुम्हाला याचं फळ देवो. ‘करूं’ आणि ‘पागे’ एकाच कामाची रूपं आहेत : घडलेलं नाही, घडावं अशी इच्छा आहे.

मराठीत ‘-वं’ लागलं की बहुतेक ठिकाणी स्पॅनिशमध्ये सुबखुंतीवो येतो. ‘मला जायचंय’ : किएरो इर, इथे नाही, कारण इच्छा माझी आणि जाणारीही मीच. ‘तू जावंस असं मला वाटतं’ : किएरो के बायास, इथे आहे. ‘पाऊस पडावा’, ‘त्याने अभ्यास करावा’, सगळीकडे तेच. जिथे मराठी साथ सोडते ती ठिकाणं मोजकी आहेत, ती पाठ कर. ‘तो येईल असं वाटत नाही’ यात आपण साधा भविष्यकाळ ठेवतो, तिथे सुबखुंतीवो लागतो. ‘पोचलीस की फोन कर’ यात तर आपण चक्क भूतकाळ वापरतो. स्पॅनिश : कुआन्दो येगेस, यामामे. ती अजून पोचलेली नाही ना, म्हणून.

प्रश्न : उच्चार स्पेनचे शिकावेत की लॅटिन अमेरिकेचे? मी कांदोळीला हॉटेलात फ्रंट ऑफिसवर आहे, संध्याकाळी वर्गाला जातो.
– कांदोळी

उत्तर : तुमचे शिक्षक बोलतात तसे. ‘ग्रासिआस’ म्हणा की ‘ग्राथिआस’, पाहुण्याला दोन्ही कळतं. एकात दुसरं मिसळू नका, एवढंच. अनेकांशी बोलताना स्पेनमध्ये मैत्रीत ‘बोसोत्रोस’ म्हणतात, लॅटिन अमेरिकेत सगळ्यांनाच ‘उस्तेदेस’. हॉटेलात तुम्हाला ‘उस्तेद’ आणि ‘उस्तेदेस’च लागणार, ते पक्कं करा. तू-तुम्हीचा भेद आपल्या अंगात आहेच, तिथे मराठी माणूस कमी पडत नाही. उच्चारातही त, द, प, क हे आपले जसेच्या तसे चालतात. फक्त ‘पेरो’ आणि ‘पेर्रो’ यातला र नीट वेगळा करा. पहिला ‘पण’, दुसरा कुत्रा.

प्रश्न : माझं वय बावन्न. हौस म्हणून बहिःशाल वर्गात बी-वनपर्यंत आले. वर्गातली मुलं डेले, सिएले असं काही बोलत असतात. मी त्यातली कुठली परीक्षा द्यावी का?
– एक गृहिणी, वास्को

उत्तर : द्या, ताई. हौसेच्या शिक्षणाला तारीख मिळाली की अभ्यास होतो.

डेले ही इन्स्तितुतो सेर्वान्तेसची परीक्षा, स्पेनच्या शिक्षण खात्याच्या नावाने दाखला मिळतो आणि तो कधीच बाद होत नाही. तुम्ही आधी पातळी निवडायची, मग पास किंवा नापास. सिएले संगणकावर असते, ती तुमच्या गुणांवरून पातळी सांगते, निकाल लवकर लागतो, पण दाखला पाच वर्षांपुरता. नोकरी शोधायची नाही म्हणता, तर डेले बी-वन घ्या. भिंतीवर लावायलाही बरा.

तिच्यात वाचन आणि लेखन यांचा एक गट, ऐकणं आणि बोलणं यांचा दुसरा. प्रत्येक गट पन्नास गुणांचा आणि दोन्हींत वेगवेगळे तीस हवेत. आपल्या बायका वाचन-लेखनात हटकून पुढे असतात आणि दुसऱ्या गटात अडकतात, कारण घरी स्पॅनिश ऐकायला कुणी नसतं. स्वयंपाक करताना स्पेनच्या सरकारी रेडिओच्या बातम्या लावून ठेवा. समजल्या नाहीत तरी त्याच बातम्या तासातासाला परत येतात, तिसऱ्या वेळी कळायला लागतात. तोंडी परीक्षेआधी तयारीला पंधरा मिनिटं देतात. मग दिलेल्या विषयावर थोडं बोलायचं, त्यावर प्रश्नोत्तरं, एका फोटोचं वर्णन आणि शेवटी लुटुपुटूचा संवाद, दुकानात वस्तू बदलून घ्यायची वगैरे. वास्कोच्या मासळी बाजारात घासाघीस करणाऱ्या बाईला हा शेवटचा भाग जड जाऊ नये.

अर्ज भरताना मात्र नाव ओळखपत्रावर आहे तसंच्या तसं लिहा. आपल्याकडे आधारवर सासरचं आडनाव, पासपोर्टवर माहेरचं आणि बँकेत तिसरंच स्पेलिंग असतं. जे ओळखपत्र परीक्षेला नेणार असाल तेच समोर ठेवून अर्ज भरा.